दादाची चौथी स्टेज

दादा म्हणजे माझा आतेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शहराबाहेर मखमलाबादला त्यांचं शेत आहे. गुलाब, झेंडू, आणि मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर. वयाच्या पंचेचाळिशीत तो मोटरसायकल घेऊन दोनदा फाटकाच्या खांबाला घासला, तेव्हा सगळे त्याला धांदरट म्हणाले. तिसऱ्या वेळी पडला आणि गुडघा फुटला. डॉक्टरांनी गुडघा बघता बघता डोळ्यांचं विचारलं. काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं कधीच गेलेलं होतं, त्याला पत्ताच नव्हता. औषधाचे थेंब झाले, ऑपरेशन झालं, तरी तीन वर्षांत उरलंसुरलंही गेलं. आता खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून कळतं, बाकी काही नाही.

मी शहरात द्वारका चौकाजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवते. घरात कुणाचाही फोन बिघडला की तो माझ्याकडे येतो. त्यामुळे दादाला बोलणारा फोन शिकवायचं कामही माझ्याकडेच आलं. स्क्रीनवर जिथे बोट ठेवाल ते फोन वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. मी दर रविवारी दुपारी गाडी काढून मखमलाबादला जाऊ लागले.

दादाला तो फोन अजिबात आवडला नाही. "ही बाई लय बोलते," म्हणायचा. "मी विचारलं का तिला?" अर्ध्या तासात फोन बाजूला ठेवून ओट्यावर जाऊन बसायचा. वहिनी आतून माझ्याकडे बघायच्या आणि खांदे उडवायच्या.

एका रविवारी मी फोनच्या सेटिंगमध्ये आवाज बदलत होते. एकेक आवाज वाजवून बघत होते. त्यातला एक आवाज खालून वर गेला, छोटासा, टुइंग. दादाने मान वळवली.

"ही उडी हाय," तो म्हणाला.

"कसली उडी?"

"आपल्या गेममधली. खाणवाल्याची. विसरली का?"

मी विसरले नव्हते. मी सातवीत होते आणि दादा कॉलेजात. मे महिन्याच्या सुट्टीत मी आत्याकडे राहायला जायची. दादाच्या काकांनी मुंबईहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. करड्या रंगाचा डबा, दोन रिमोट आणि वरून खोचायची पिवळी कॅसेट. कॅसेटवरचा कागद आधीच फाटलेला, त्यामुळे गेमचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. डोक्यावर दिवा बांधलेला एक ठेंगणा माणूस खाणीत पळायचा. खड्डे ओलांडायचे, वटवाघळं चुकवायची, ट्रॉलीत बसायचं. आम्ही त्याला खाणवाला म्हणायचो. माझी मजल दुसऱ्या स्टेजपर्यंत. दादा सातव्यापर्यंत जायचा आणि आजूबाजूची पोरं बघायला येऊन बसायची. आत्या टीव्ही बंद करायला यायची तेव्हा सगळी एकदम म्हणायची, "आत्ता नको, आत्ता नको." ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि नाही नाही म्हणता स्वतःच बघत राहायची.

"तो डबा असेल का अजून?" मी विचारलं.

वहिनींनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवली. डबा होता, पण त्याची वायर उंदरांनी खाल्लेली आणि आतून काहीतरी सुटून खुळखुळत होतं. कॅसेट मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली, जशीच्या तशी. दादाने ती हातात घेऊन उलटसुलट फिरवली. फाटक्या कागदाच्या कडेवर अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिली.

"डबा गेला म्हणजे संपलं," तो म्हणाला.

"संपलं नाही," मी म्हणाले. "कॉम्प्युटरवर चालेल. एम्युलेटर म्हणून सॉफ्टवेअर असतं. ते त्या जुन्या डब्याचं सोंग घेतं. कॅसेटला वाटतं आपण त्याच डब्यात आहोत."

"कॅसेटीला वाटतं," दादा हसला. वर्षभरात मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं.

कॅसेटमधला मजकूर कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं एक छोटं यंत्र मिळतं. मी ते मागवलं. पहिल्या तीन वेळा काहीच वाचलं गेलं नाही. मग कॅसेटचे पितळी दात खोडरबरने घासले, लहानपणी करायचो तशी फुंकर मारली, आणि चौथ्या वेळी फाईल उतरली. क्लासमध्ये मुलं बसली होती तरी मी हेडफोन लावून ती सुरू केली. ती धून वाजली. मी लगेच बंद केली. म्हटलं, दादाच्या आधी आपण नको.

रविवारी लॅपटॉप, दोन छोटे स्पीकर आणि एक यूएसबी रिमोट घेऊन गेले. दादा खाटेवर बसला होता. मी रिमोट त्याच्या हातात दिला. त्याने बटणं चाचपली, "डावीकडं फुली, उजवीकडं दोन, बरोबर," म्हणाला. धून सुरू झाली आणि त्याचे अंगठे आपोआप हलायला लागले. खाणवाला चार पावलं पळाला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला.

फिऽऽऽ धप्प. मग धून पुन्हा पहिल्यापासून.

"पडला?"

"पडला."

"अजून दे."

त्या दिवशी तो पहिल्या खड्ड्यात किती वेळा पडला असेल, मी मोजलं नाही. पण संध्याकाळी निघताना तो मला सांगत होता की खाणवाल्याच्या बुटांचा आवाज येतो. दगडावर टक टक, लाकडाच्या फळीवर टुक टुक. वटवाघूळ खाली यायच्या आधी चिरकतं. भिंतीला धडकलं की टप् होतं. मी तीस वर्षांपूर्वी तासन्‌तास तो खेळ बघितला होता, पण यातलं काही मला आठवत नव्हतं. मी बघत होते, ऐकत नव्हते बहुतेक.

लॅपटॉप मी त्यांच्याकडेच ठेवला. क्लासमधला जुना होता, माझं अडत नव्हतं. आठवडाभर दादाला एकट्याला खेळ सुरू करता यावा म्हणून कुठलं बटण कुठे ते शिकवत होते, पण त्याला ती सापडेनात. वहिनी आतून टिकल्यांचं पाकीट घेऊन आल्या. सुरू करायच्या बटणावर एक, बंद करायच्या बटणावर दोन, आवाजाच्या बटणावर एक खड्याची. "बघा बरं आता," म्हणाल्या. दादाने बोट फिरवलं. "ही खड्याची तू लग्नात लावायची," म्हणाला. वहिनी ओशाळून आत गेल्या.

मग त्याचं गणित सुरू झालं. अकरा पावलं, उडी, चार पावलं, थांब, चिरकलं की बस खाली, मग पळ. खेळात सगळं दर वेळी तसंच होतं, वटवाघूळ त्याच जागी त्याच वेळी येतं. दादा ते पाठ करायचा. तीनदा मेलं की पुन्हा पहिल्या स्टेजपासून, तरी तो कंटाळायचा नाही. तोंडाने पुटपुटायचा, चुकला की मांडीवर थाप मारायचा. दोन महिन्यांत तीन स्टेज पार झाल्या. शेजारचे म्हातारे काका येऊन बघून गेले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्याला थोडं दिसतंय का काय?"

चौथी स्टेज काही होईना. तिथे एका दरीवर पाच फळ्या आहेत आणि पाय ठेवला की फळी निसटते. एका टुकवर लगेच पुढची उडी. जरा उशीर झाला की गेलो, लवकर मारली तरी गेलो. तीन रविवार दादा तिसऱ्या फळीवरून पडत होता. तिसऱ्या रविवारी त्याने रिमोट खाटेवर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

"राहू दे," म्हणाला. "डोळ्यांचंच काम हाय ते."

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "एकदा अजून. माझ्यासाठी." तो उठला. आणि मी ते केलं.

एम्युलेटरमध्ये एक सोय असते. खेळ जिथे असेल तिथे, अगदी उडी हवेत असतानासुद्धा, जसाच्या तसा जपून ठेवता येतो. एक बटण दाबलं की ठेवला, दुसरं दाबलं की पुन्हा तिथूनच सुरू. जुन्या डब्यात असं काही नव्हतं. दादाला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तो दुसऱ्या फळीवर पोचला की मी हळूच ठेवायची. तो पडला की पडतापडताच परत आणायची. फिऽ एवढाच आवाज यायचा आणि खाणवाला पुन्हा फळीवर.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"अडकतंय जरा. कॉम्प्युटर जुना झालाय. तू खेळत राहा."

पाच-सहा वेळा अडकलं. मग त्याची उडी एकदा बरोबर बसली, चौथी फळी, पाचवी, आणि स्टेज पार झाल्याची तुतारी वाजली. दादा उभाच राहिला. वहिनी शेतातून आलेल्या, हाताला माती तशीच, त्यांना ओढून त्याने दोन्ही हात धरले. वहिनींनी शिरा केला. दादाने तीन जणांना फोन केले, त्या बोलणाऱ्या फोनवरून, स्वतः नंबर शोधून. मला घरी जाताना गाडीवर रडू येत होतं आणि ते आनंदाचं आहे असं मी मनाला सांगत होते.

गुरुवारी क्लास भरलेला असताना त्याचा फोन आला. मी बाहेर जिन्यात आले.

"एक विचारायचं होतं," दादा म्हणाला. "आठवडाभर एकदाही कॉम्प्युटर अडकला नाय. तू आली की अडकतो."

मी जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उतरले.

"मी रोज चौथ्याला जातोय. रोज पडतोय. पडलो की पूर्ण आवाज येतो, आणि गाणं पहिल्यापासून लागतं. रविवारी अर्धाच आवाज येत होता. आणि गाणं मधूनच पुढं चालू होतं. मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं. खरं सांग, तू काय केलं?"

मी सांगितलं. बटणाचंही सांगितलं. त्याच्या मागे कुठेतरी पाण्याची मोटार चालू असल्याचा आवाज येत होता.

"मी लोकांना फोन केले," तो म्हणाला.

"दादा, तू इतका निराश झाला होतास, मला वाटलं..."

"सगळ्यांनाच वाटतं. मी चहा सांडला तर घरात कुणी बोलत नाय, गुपचूप पुसून घेतात. मला फरशीवरचं फडकं ऐकू येतं. मी काही विचारलं की सगळं चांगलंच असतं. गुलाब चांगला हाय, भाव चांगला हाय, तब्येत चांगली दिसती तुझी. ती एक गेम होती. पडलो तर पडलो म्हणायची. तीपण तू..." तो थांबला. "ठेव आता."

मी वर क्लासमध्ये गेले आणि मुलांना काय शिकवत होते तेच आठवेना. त्यांना स्वाध्याय देऊन खिडकीशी उभी राहिले. खाली चौकात सिग्नल लागलेला, गाड्या एकमेकांना चिकटून उभ्या. आपण चांगल्या मनाने केलं हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते, पण जिन्यात ऐकलेलं त्याचं "मी लोकांना फोन केले" काही जाईना.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. फोन करायचं धाडस झालं नाही. त्यानेही केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. मला वाटलं त्या मला रागावणार.

"ताई, तुम्ही या ना," त्या म्हणाल्या. "हे काय बोलत नाय, पण रविवारी दुपारी गाडीचा आवाज आला की कान टवकारून बसतात."

"वहिनी, माझ्यावर चिडलाय तो."

"तुमच्यावर कसले, माझ्यावर जास्त." आणि मग त्यांनी सांगितलं. माझ्याशी बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी दादा त्यांना म्हणाला, मला विहिरीजवळच्या गुलाबात घेऊन चल. तो गुलाब त्याने स्वतः लावलेला, डोळे जायच्या आधीचा शेवटचा. वहिनी आज नको, चिखल आहे, असं म्हणत राहिल्या. तो काठी घेऊन निघालाच. मग त्यांनी हात धरून नेलं. तिथे गुलाब नव्हता. मर रोग लागून झाडं गेली होती, पावसाळ्याआधीच उपटून टाकली होती. पाच महिने त्या त्याला गुलाब चांगला आहे सांगत होत्या. रोज संध्याकाळी दुसऱ्या वावरातली दोन फुलं आणून त्याच्या हातात द्यायच्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. रिकाम्या वाफ्यात बसले. मातीत हात घालून बघितलं. मला म्हणाले, मला वासावरून कळत होतं, हा विहिरीचा गुलाब नाय. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." मग त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही रविवारच्या येता. सोमवार ते शनिवार मी असते. हे संध्याकाळी विचारतात तेव्हा रोज एक तरी चांगली गोष्ट लागते हो सांगायला. नसली तर कुठून आणू?"

मी म्हटलं, येते.

रविवारी मी गेले. दादा ओट्यावर होता. मी चप्पल काढत असतानाच म्हणाला, "मेथी टाकली विहिरीजवळ. आता मेथीच. गुलाबाला डोळे लागतात, रोग वेळेवर दिसायला पाहिजे. मेथी मला हाताला कळती."

"दादा, माझं चुकलं."

"चुकलं," तो म्हणाला. जराही मऊ आवाज न काढता म्हणाला. मग सरकून जागा केली. "आता ते बटण कुठलं ते दाखव मला. ठेवायचं."

मी चमकले. त्याने सगळा विचार करून ठेवला होता. चौथ्या स्टेजच्या सुरुवातीला खेळ ठेवायचा, सरावासाठी. फळ्यांचा ताल बसेपर्यंत तिथूनच खेळायचं. पण पास झालो म्हणायचं ते पहिल्यापासून सगळं खेळून. आणि बटण तो दाबणार, दुसरं कुणी नाही. वहिनींनी त्या दोन बटणांवर टिकल्या लावल्या. मी त्याला खेळ हळू चालवायची सोयही सांगितली, ती त्याने लगेच उडवून लावली. "हळू केला की गाणं बेसूर होतं."

पाचेक आठवडे त्याने फळ्यांवर काढले. मांडीवर बोटांनी ताल धरायचा, जेवतानासुद्धा. वहिनी म्हणायच्या, घास गिळा आधी. मग एका रविवारी त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. मी मुद्दाम लॅपटॉपपासून लांब, दाराशी बसले आणि हात मांडीवर ठेवले. त्याला ते दिसणार नव्हतं, माझं मलाच हवं होतं. तिसऱ्या स्टेजमध्ये एक जीव गेला. चौथ्यात एक. शेवटच्या जीवावर तो दुसऱ्या फळीवर आला, तिसऱ्या, चौथ्या. टुक, टुक, टुक. पाचव्या फळीवरची उडी उशिरा सुटली असं मला वाटलं आणि मी डोळे मिटले. तुतारी वाजली.

दादाने रिमोट तसाच धरून ठेवला होता.

"खरं?" दादाने विचारलं.

"खरं. मी दाराशी आहे."

"हिला विचारतो. खरं का गं?"

"खरं," वहिनी म्हणाल्या. "मी स्वतः बघितलं."

त्याने मान हलवली. पाचव्या स्टेजच्या पहिल्याच वटवाघळाने त्याला खाल्लं आणि तो "हात्तिच्या!" म्हणून हसायला लागला. या वेळी त्याने कुणाला फोन केला नाही. थोड्या वेळाने रिमोट बाजूला ठेवून विचारलं, जेवायला काय केलंय, आणि वहिनी म्हणाल्या, काही नाही, कढी-भात, भाजी करायला झालंच नाही आज.

ही मागच्या वर्षीची गोष्ट. आता तो सहाव्या स्टेजला आहे. तिथे दोरीवर वरखाली होणारा एक पाळणा लागतो. तो बिलकुल आवाज करत नाही. दादाने महिनाभर कान लावून बघितलं, गाण्याच्या तालाशी जुळवून बघितलं, जमलं नाही. पाळणा आणि गाणं एकमेकांशी बांधलेलेच नाहीत. मी त्याला तसं सांगितलं. हे ऐकून होणारं नाही, हेही सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलं, मी उगीच डोकं फोडत होतो."

मागच्या रविवारी मी पोचले तेव्हा आत दोघांचं भांडण चालू होतं. वहिनी लॅपटॉपसमोर मांडी घालून बसल्या होत्या, पुढ्यात मेथीच्या जुड्या. पाळणा खाली आला की त्यांनी "आता" म्हणायचं, असं ठरलं होतं.

"तू उशिरा म्हणती," दादा म्हणत होता.

"मी वेळेवर म्हणते. तुम्हीच ऐकायला उशीर करता."

"पाळणा खाली आल्यावर म्हणू नको. यायच्या आधी म्हण."

"यायच्या आधी मला कसं कळणार?"

"बघ ना नीट! तुला दिसतंय ना!"

"मग घ्या," वहिनी म्हणाल्या, जुडी खाली ठेवून पुढे सरकल्या आणि स्क्रीनकडे बघत राहिल्या. "आ... आता!"

खाणवाला दरीत पडला. दोघंही एकमेकांना दोष देत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लागले. मी आत जाऊन चहा ठेवला.